चार्जरवरचा खरा नंबर

परवाचं ऐका. जव्हारला माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दाभोशाच्या सोनीताई आल्या. हातात बंद पडलेला फोन आणि वितळलेला चार्जर.

"दादा, शिक्का बघून घ्या, असं तुमीच सांगत होता ना? बघूनच घेतला मी बाजारात."

चार्जरवर सरकारी मानकाचा शिक्का होता, खाली नोंदणीचा नंबरही होता. मी तो सरकारी ॲपमध्ये टाकून बघितला. नंबर खरा निघाला, पण बल्ब बनवणाऱ्या कुठल्यातरी कंपनीचा. कुणीतरी तो उचलून या चार्जरवर छापला होता.

"मंग खरा का खोटा?"

"नंबर खरा, ताई. चार्जर खोटा."

फोन उघडला तर आतला बोर्ड जळून काळा पडलेला. मी म्हटलं, आता यातलं काही निघणार नाही. त्या तिथेच खाली बसल्या. त्यांचे वडील पावसाळ्यात गेले. ते तारपा वाजवायचे, आणि त्याचं एकच रेकॉर्डिंग या फोनमध्ये होतं. दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं.

मी म्हटलं, "माझ्याकडे एक जुना फोन आहे. तुमचं सिम टाकून देतो, चांगला चालतो."

त्यांनी वर बघितलं.

"त्यात बा वाजवंल का?"