आधी ओळख, मग गोष्ट

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, शाळा समितीतले माझे सहकारी, पालकहो, आणि ज्यांच्या गळ्यात आपण आत्ताच एवढा मोठा हार घातला त्या आपल्या बाई,

मला पाच मिनिटं दिली आहेत. वकिलाला पाच मिनिटं म्हणजे नुसता घसा साफ करायची वेळ. अध्यक्ष हसताहेत. हसून घ्या.

बाईंनी इथे एकतीस वर्षं दोन विषय शिकवले, प्राचीन इतिहास आणि बायबलच्या गोष्टी. त्यांची एक पद्धत होती. गोष्टीत जे परके लोक येणार, त्यांचा इतिहास आठवडाभर आधी. मोशेच्या गोष्टीआधी मिसर देश, म्हणजे इजिप्त. राजे थोडे, मुलंच जास्त. लाकडी फळीवर अक्षरं गिरवणारी, चुकलं की मार खाणारी. त्या मुलांकडे दोरी ओढली की तोंड उघडणारं लाकडी मांजर होतं. आपल्या तिसरीने पुठ्ठ्याचं तसंच केलं.

आणि आठव्या दिवशी गोष्ट आली. मिसरचा राजा मोशेच्या गुलाम लोकांना सोडेना, म्हणून देवाने तिथल्या घराघरातला थोरला मुलगा मारला.

यंदाचा वर्ग रडला. गुलाम सुटल्याच्या आनंदाने नव्हे.

पालक तक्रार घेऊन शाळा समितीकडे आले. पण प्रश्न आधी माझ्याच घरी आला होता. माझी नात त्याच वर्गातली. जेवता जेवता म्हणाली, "आजोबा, राजा ऐकत नव्हता ना, मग राजाला धरायचं. त्या फळीवाल्या मुलांनी काय केलं होतं?"

आयुष्यभर मी ग्रंथ वाचले, न्यायाधीशांपुढे कधी अडखळलो नाही. तिला म्हणालो, "आधी जेव."

समितीने बाईंना बोलावलं. कुणीतरी विचारलं, तुम्ही मुलांना शत्रूवर दया करायला शिकवता का? बाई म्हणाल्या की त्यांनी फक्त ओळख करून दिली, दया मुलांनी स्वतःची आणली. अध्यक्षांनी समजुतीने तोडगा काढला: गोष्ट आधी सांगा, इतिहास मागाहून.

बाई म्हणाल्या, "मेल्यावर ओळख करून देऊ?"

मंडळी, यावर काय उत्तर असतं? आमच्याकडे नव्हतं. म्हणून मतदान घेतलं. पद्धत बदला नाहीतर जागा सोडा, असा ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी संमत झाला. ठरावातलं 'कोवळ्या मनांचा विचार करता' हे सुंदर वाक्य माझं. तिसरं मतही माझं. निमंत्रणपत्रिकेवर 'स्वेच्छानिवृत्ती' छापलंय, तो शब्दही मीच सुचवला. अध्यक्ष महोदय, चिठ्ठी पाठवू नका, संपवतोच आहे.

सोमवारपासून वर्गावर नवे सर आहेत. काल नातीला विचारलं, मिसरचं पुढे काय शिकवलं? म्हणाली, "मिसरचे लोक वाईट होते, एवढंच लिहायचं. सोपं झालं, आजोबा."

आणि मुकाट्याने जेवली. मला काहीही विचारलं नाही.

बाई, प्रश्नाला उत्तर नसलं तर प्रश्नाजवळ बसून राहायचं, एवढंच तुम्ही शिकवत होतात. ते आम्हाला झेपलं नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. मत देताना जे झालं, ते मात्र घालू नका.