लेकीच्या खाडीला गेलेलं पाणी

माझा जन्म मुरबाडकडचा, दिलं पण मुरबाडातच, नदीच्या वरल्या अंगाला, भाताच्या खाचरांत. एकुलती लेक सुनंदा मात्र खाली खाडीला दिली. आमचीच नदी पुढं जाऊन त्या खाडीला मिळते, म्हणून सोयरीक जुळताना मीच बोलले, लेक लांब कुठं, पाण्याच्या वाटेवरच हाय. जावई खाडीत जाळं टाकायचा, चिंबोऱ्या धरायचा, आणि सुनंदा आली का टोपलीभर कोलीम, तो बारीक जवळा, घेऊन यायची. काय सांगू तुमाला, अख्खी आळी वासावर जमायची.

मग आमच्याकडं युरिया आला. आधी आमी पालापाचोळ्याचा राब जाळायचो, शेण टाकायचो, पण युरिया मारला का भात काळंभोर, मग सोडतंय कोण? आणि गंमत बघा, युरिया पडला का खाचरातल्या मुऱ्या, म्हंजे ते बारकं मासं, सैरभैर व्हायचं. मग गडी काय करायचे, त्याच दिवशी बांधाचं तोंड फोडून तिथं टोपली लावायचे. मासं टोपलीत, आणि युरियाचं पाणी नदीला. सगळा गावच करायचा, त्यात आमचे हे पहिले.

एका श्रावणात सुनंदा आली ती रिकाम्या हातानं. बोलली, आये, खाडी हिरवी झाली गो, नुसतं शेवाळ, ते कुजतं आणि पहाटे मासं वर येऊन तोंड वासतात, पाण्यात दमच नाय राहिला. काठची तिवराची झाडं दिसायला हिरवीगार, पण मुळाला जोर नाय, वाऱ्यानं पडतात. बापाला बोलली, बाबा, शहराची गटारं हायेतच, पण तुमी तरी युरिया मारल्यावर बांध बंद ठेवा. हे हसले, बोलले, माझ्या मुठीभर युरियानं तुझी खाडी मरंल होय? जेवायला मुऱ्यांचंच कालवण होतं, तिनं ताट सारलं, बोलली, बाबा, ह्या मुऱ्यांपायी माझी चूल विझली.

ह्यांचा घास हातातच राहिला. हट्टी माणूस, कधी कोणाचं ऐकलं नाय, पण दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन सगळी तोंडं मातीनं बुजवली. लोक हसले, लेकीनं बापाचं कालवण तोडलं बोलले. दोन-चार घरांनी ऐकलं, बाकीच्यांनी नाय.

खाडी काय सुधारली नाय. जावई आता गोदामात माल उचलतो, जाळं माळ्यावर पडलंय, मला बघवत नाय. हे पण गेले. बांध आता मी बघते, युरिया थोडाच टाकते, आणि तो जिरल्याबिगर पाणी सोडत नाय. लोक विचारतात, म्हातारे, एवढ्यानं काय होणार? मी बोलते, नसंल होत. पण लेकीला माहेराहून काय धाडायचं, ते आईला कळायला नको?