चाकाखालचं लिंबू

इंदापूरहून बारामतीला निघालेल्या एसटीत विजयमालाच्या पुढच्या सीटवर एक मुलगी मांडीवर खोकं सांभाळत बसली होती. शेजारी तिची आत्या. विजयमालानं न राहवून मान पुढे काढली.

“उघड की गं स्वरूपा, बघू दे गाडी!” आत्या पोरीला म्हणत होती.

“हळू, आत्या! पन्नास वर्षांपूर्वीचं प्लॅस्टिक हाय. अमेरिकेतल्या शर्यतीच्या गाडीचं मॉडेल. एकेक तुकडा मी चिकटवलाय. नंबराचं जुनं स्टिकर पाण्यात भिजवून लावलं, तवा तर श्वासच रोखला हुता. फाटलं असतं तर दुसरं मिळत न्हाय.”

“अगं बया, झकास! पण दार उघडंना की.”

“ह्या गाड्यांचं दार उघडतच न्हाय. ड्रायव्हर खिडकीतनं आत शिरतो.”

“चोरावानी? बरं, बारामतीच्या प्रदर्शनात मांडायच्या आधी चाकाखाली लिंबू ठिवायचं. नवी गाडी हाय.”

“न्हाय हां आत्या! चाक मोडंल. परीक्षक चाकापासनंच बघत्यात.”

“लिंबाबिगर गाडी खोक्यातनं निघायची न्हाय.”

“अगं, खऱ्या गाडीचा पंचविसावा हिस्सा हाय ही!”

“ठावं हाय मला.” आत्यानं पदराची गाठ सोडली. “म्हणून तर झाडावरनं हरभऱ्याएवढं तोडून आणलंय.”