एक नळी राहिलीय

—आणि दुखत नाही हो, मुळीच नाही, सांगतो ना मी. तुमचं ऑपरेशन सोमवारी, म्हणजे आज सिस्टर पोटावर पेनानं खूण करतील, पिशवी कुठे लावायची त्याची. मी शिंपी, म्हणून सांगतो — पँट कमरेला कुठे बसते ते आधीच दाखवा, नाहीतर पिशवी नेमकी पट्ट्याखाली यायची. माझंही तुमच्यासारखंच, कॅन्सर निघाला, मूत्राशय काढलं. मग लघवी जाणार कुठे? आतड्याचा तुकडा घेतात, मूत्रपिंडाकडून येणाऱ्या दोन्ही वाहिन्या त्याला शिवतात आणि त्याचं तोंड पोटावर, त्यावर ही पिशवी. आता शिवण नवी — लगेच ताण दिला तर टिकेल? नाही टिकत. म्हणून दोन्हीकडे एकेक बारीक नळी घालतात, शिवण भरून येईस्तोवर वाट उघडी राहावी म्हणून. टोकं बाहेर, पिशवीत लोंबत असतात.

घरी गेल्यावर मी काय केलं — बाथरूमला आतून कडी. पस्तीस वर्षांचा संसार, पण हे असलं पोट घेऊन बायकोसमोर — नकोच म्हटलं. ती बाहेरून विचारायची, काही हवंय का, मी म्हणायचो, काही नको. आणि गेल्या आठवड्यात पिशवी बदलताना एक नळी सुळकन हातातच आली. वाटलं, आतलं सगळं उसवलं. कडी काढली, हाक मारली. ती आली, चष्मा लावला, खाली बसली, नीट बघितलं — इतकं धड मीही बघितलं नव्हतं — आणि म्हणाली, "टपटपतंय ना? मग रडता कशाला?" रडत नव्हतो हो, साबण गेला होता डोळ्यात. तिनंच सिस्टरना फोन लावला. त्या म्हणाल्या, कधीकधी निसटते आपणहून, लघवी येतेय, ताप नाही, मग घाबरू नका — ताप आला तर मात्र तडक या. तेव्हापासून पिशवी तीच बदलते. पिशवीची चिकट चकती पोटाला लावतात ना, तिचं भोक कापताना म्हणते, तुमच्यापेक्षा माझी कात्री सरळ चालते. शिंप्याला म्हणते, बघा.

आज दुसरी काढायची. हलकेच ओढतात, झालं, दोन मिनिटांचं काम. त्यात घाबरायचं काय? काही नाही.

हो सिस्टर, ऐकलं, माझाच नंबर. पण ही खाली औषधं आणायला गेलीय — येईलच एवढ्यात. यांना घ्या ना आधी. उठा हो, जा तुम्ही. जा म्हणतो ना. ती आल्याशिवाय मी काही इथून हलत नाही.