हातावर उभा राहिलेला नारळ

न्हाय न्हाय, पाळकसाहेब, शाल ठिवा हवी तर, पण तो नारळ आधी पिशवीत घाला. घाला म्हणतो न्हवं! मला नारळाची लाज वाटतीय. सोनबा फिटरला लाज वाटती असं लासुर्ण्यात बोलाल तर लोक तुमालाच दवाखान्यात घिऊन जातील, म्हणून दार लोटून सांगतो. रविवारच्या सत्काराच्या पत्रिकेत काय छापलंय? 'मलावी देशात तहानलेल्यांना पाणी देणारे बंधू सोनबा' — पाणी? मी तर खड्डा दिला, साहेब. चवदा हात खोल, कोरडा ठणठणीत.

तुमच्याच चर्चच्या मंडळीनं पाठवलं की आमा नवरा-बायकोला. एकतीस वर्सं कारखान्यात पंप खोलले, भागूबाईला शिवण येतं, पोरी सासरी गेलेल्या — जावा दीड वर्स सेवंला, हातपंप बसवा. विमानात चढलो तवाच वाटलं, आता आपण संत. उतरलो तर ते गाव आपल्यासारखंच! मक्याचं पीठ, भुईमुगाच्या शेंगा, झाडाखाली बसलेली म्हातारी — फकस्त माझा एक शबूद कुणाला कळंना. आता मस्करी करायची कुणाची? आन मस्करीबिगर मी म्हंजे मिठाबिगर पिठलं.

पंप आलेला, पायपा आलेल्या, आडाची जागा तेवढी ठरायची होती. आन बाजारात मला दिसला नारळ, कुठनं तरी आलेला, एकच. आपल्याकडं पाणाड्या कसा येतो — तळहातावर नारळ आडवा, रानातनं चालत सुटायचं, खाली पाणी आलं की नारळ टुणकन उभा. कसा उभा राहतो? ह्या अंगठ्यानं! हितल्या दत्तोबाला मी त्याच्याच गोठ्याखाली पाणी दावलं हुतं, सगळ्या म्हशी भाईर काढायला लावल्या, मग म्हणलं, गड्या, मस्करी केली. गाव आठ दिस हसलं — दत्तोबासुदिक. तर तितं बी तेच केलं. आख्खं गाव मागं. एका जागी नारळ केला उभा आन थांबलो — आता हसतील, मग हसतील. कुणीच हसंना. त्यांच्या गावचा म्हातारा मुखिया पुढं आला, टोपी काढली, खुणंचा दगड ठिवला. मी हात हलवले, न्हाय न्हाय म्हणलं — त्यास्नी वाटलं, केवढा नम्र माणूस!

दुभाष्या? तो दोन दिसांनी आला तालुक्यावनं. तवर चार हात खणून झालेलं. तवा सांगायला काय झालं हुतं, व्हय ना? हेच इचारताय न्हवं? आवं, त्यानं तर सरळ इचारलं — मुखिया म्हणतोय, पक्कं हाय ना? आन मी म्हणलं — पक्कं.

बोललो आसं. तोंडातनं गेलं. अकरा दिस खणत हुते, बाया डोक्यावनं माती वाहत हुत्या, मी बी फावडं मारलं — पापी माणूस लई जोरात खणतो, साहेब. चवदाव्या हाताला काळा पाषाण. कुणी शिवी दिली न्हाय. संध्याकाळी मुखियानं कोंबडी धाडली — पाहुणा दमला आसंल म्हणून. ती मी खाल्ली. रस्सा झकास झाला हुता. तेच तर!

भागूबाईला तेवढं ठावं. चार दिस माझ्याकडं पाठ करून शिवत बसली. पाचव्या दिशी बायांच्या घोळक्यात उकिडवी बसली आन केलं — डराव, डराव! मला वाटलं, माझ्या पापानं बाईचं डोस्कं फिरलं. पण बायास्नी समजलं. ऐन उन्हाळ्यात बेडूक कुठं वरडतात, ते तिला दावायला घिऊन गेल्या. तितं खणलं, नऊ हातावर पाणी. पंप मी बसवला, व्हय, बोल्ट मी आवळले. पयली बादली मुखियानं माझ्या हातात दिली, आन दुसऱ्या दिशी माझा गुडघा दुखायला लागला. पाचव्या म्हयन्यात घरी. ती म्हणली, तुमी जावा, मी न्हाय यायची.

गुडघा? हा बघा — उठतो, बसतो, उठतो. काय धाड भरलीय त्याला!

आता भागूबाई फोनवर सांगती, पंपाचं सांडलेलं पाणी त्या कोरड्या खड्ड्यात सोडलं, माती भरली, केळी लावल्या. घड लागलाय. आन त्या जागंला म्हणत्यात 'सोनबाची विहीर' — आन हसतात का, तर न्हाय! मुखिया इचारतो, गुडघा कसा हाय. रोज इचारतो. आवं, हसला आसता तर मी सुटलो आसतो की! ह्या वयात आता मला जाऊन, दुभाष्याला शेजारी बसवून, सांगावं लागणार — मुखिया, तो नारळ मी अंगठ्यानं उभा केला.

सत्कार रद्द करा. शाल भागूबाई आली की तिला द्या. तो कागद आणा हिकडं — व्हय, तोच, उरलेल्या म्हयन्यांचा, परत जायचा. कुठं करू सही? हितं? घ्या. आन ऐका, नारळ नेऊ नका, राहू द्या. फोडतो, वाळवतो, तिला तितं चटणीला खोबरं मिळंना म्हणत हुती. — आत्ता हसला तुमी! पत्रिका छापताना कुठं गेलं हुतं हे हसू? उठा, उठा. जावा आता. मला कोयता हुडकायचाय.