कागदावर मयत, माइकवर हजर

नाही, पण मी म्हणते, मेलेल्या बाईला स्टेजवर बसवतात का कुठं? हसू नका! तुम्हाला सांगते, ऑफिसच्या कागदावर मी तीन वर्षांपूर्वी मेलेय. अगदी रीतसर. का, तर दर वर्षी स्वतः जाऊन 'मी जिवंत आहे' असा हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि त्या वर्षी मी गुडघा मोडून अंथरुणात... नाही जमलं जायला. झालं! पेन्शन बंद! एकतीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात काजं केली हो मी, एक काज वाकडं गेलं नाही, आणि एक कागद राहिला तर मला थेट वरच पाठवून मोकळे! तेव्हापासून दीर-जावेच्या घासातला घास खातेय.

तर अशा या मयत बाईकडं आमच्या वॉर्डाचे पुढारी आले. पाया पडले, खुर्ची स्वतःच ओढून घेतली. "मावशी, रविवारी सभा आहे. या निर्वासितांवर पैसा कसा उधळतात, त्याची. तुम्ही माइकवर एवढंच म्हणायचं, हे लोक आले आणि माझी पेन्शन गेली. महिन्याच्या आत चालू करून देतो, माझा शब्द!" मी आपली गप्पच होते, बरं का! एवढंच म्हटलं, साहेब, ते लोक आले आठ महिन्यांपूर्वी आणि मी मेले तीन वर्षांपूर्वी. तर म्हणतात कसे, "तारखांत कशाला शिरता, मावशी?"

ते गेले आणि जाऊ सुरू. "अहो ताई, म्हणून टाका की! आपल्या बापाचं काय जातंय? अडला हरी, म्हणतात ते उगाच का?" आता तिचंही खरंच आहे हो. तीन वर्षं मला वाढतेय, कपाळाला आठी घालून का होईना, वाढतेय ना? माझ्या पेन्शनीवर माझ्याइतकाच तिचाही डोळा. असू दे. मी गप्प! फक्त म्हटलं, तुझ्या बापाचं जात नसेल, माझी जीभ जाते.

सभेला ही गर्दी! एका बाजूला आमचे पुढारी, हातात हा एवढा तक्ता. "एका माणसामागं दिवसाला इतका खर्च!" दुसऱ्या बाजूला कॉलेजातल्या एक चष्मेवाल्या बाई, त्यांचा तक्ता रंगीत. "पण दहा वर्षांत कर भरून इतकं परत देतील!" अरे, माणसं आहेत की शेळ्या? खाल्लं किती, दूध दिलं किती! आणि ज्यांचा हिशोब चाललाय ती माणसं मागं भिंतीला टेकून उभी, कारण खुर्च्या संपल्या. त्यातली एक माझ्या ओळखीची. आमचा कारखाना बंद पडलाय ना, तिथंच ठेवलंय त्यांना. जिथं माझं मशीन होतं, तिथं आता तिची खाट. पाण्याचा मुख्य नळ सापडेना म्हणून हाताच्या खुणा करत मला विचारायला आली होती. मी जाऊन दाखवून आले. मला नाही तर कुणाला ठाऊक असणार?

तर पुकारलं माझं नाव. उभी राहिले. समोर पहिल्या रांगेत जाऊ, डोळ्यांनी सांगतेय, म्हणा, म्हणा! पुढारी कानात म्हणतात, "फक्त एक वाक्य, मावशी." आणि तुम्हाला सांगते, मी खरंच ते वाक्य म्हणणार होते! तोंडात आलं होतं! पण नजर गेली मागं, त्या बाईकडं. तिला भाषा कळत नाही, ती माझ्याकडं बघून हसली.

मग काय! म्हटलं, "अहो, या बाईनं माझी पेन्शन खायची तर तिला येण्याआधी दोन-सव्वादोन वर्षं, हजार कोसांवरून हात लांबवायला हवा होता! एवढा लांब हात हिचा नाही, ऑफिसचाच!" चष्मेवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, "तुम्ही नका वाजवू! कारखाना बंद झाला, दोनशे बायका घरी बसल्या, तेव्हा कुठं होता तुमचा रंगीत तक्ता?" पुढाऱ्यांनी माइकवर हात ठेवला. "मावशी थकल्यात." मी ओरडले, "थकले नाही, मेलेय! तीन वर्षं मेलेय!" आणि जाऊ? तिनं पदर तोंडावर घेतला. घरी आल्यावर ताटात भाजी नव्हती. गप्प बसून कोरडी पोळी खाल्ली. अशी मी गप्प!

दुसऱ्या दिवशी गेले ऑफिसात. कारकून म्हणाला, "आजी, काल सभेत पाहिलं तुम्हाला. जिवंत आहात, शंकाच नाही. पण मधली तीन वर्षं तुम्ही जिवंत होतात, याला पुरावा?" म्हटलं, अरे बाबा, तेव्हा होते आणि आज आहे, तर मधेही असणारच ना? का मधे मरून परत आले? मान वर न करता म्हणतो, "तशी नियमात तरतूद नाही. ज्यांच्याकडं कागद नाहीत, त्यांची खिडकी पलीकडं. तीन नंबर."

तीन नंबर म्हणजे निर्वासितांची! ही रांग! तीच बाई उभी. तिनं सरकून मला पुढं घेतलं, पिशवी हातातून काढून घेतली. उभी राहिले. करते काय? तेवढ्यात आमचे पुढारी फोटोवाल्याला घेऊन हजर, बोट नाचवत एकेक डोकं मोजतायत, माझ्याही डोक्यावरून बोट गेलं. "बघा! रोज वाढतायत! गेल्या आठवड्यात एकशेबारा होते, आज एकशेतेरा!"

आकडा मात्र बरोबर होता हो त्यांचा. वाढलेली एक मीच.