रुमालाखालचा सौदा

आमच्या अण्णांना सगळा गाव खुळा म्हणायचा, त्याचंच सांगतो. घरी ट्रॅक्टर आला, गोठा रिकामा झाला, तरी अण्णा दर आठवड्याला देवणीच्या बैलबाजारात जायचेच. तिथं भाव तोंडानं बोलत न्हाईत. रुमालाखाली हातात हात घ्यायचा अन् बोटं दाबून आकडा कळवायचा. अण्णा रशीदचाचा दलालासंगं असा तासभर सौदा करायचे अन् रिकाम्या हातानं परत यायचे. लोक म्हणायचे, "म्हातारा तर खुळाच, पण एवढा हुशार दलाल त्याच्यापायी आपला बाजार का घालवतो?"

यंदा अण्णांचे गुडघे गेले. मला म्हणाले, "माझ्या जागी तू जाऊन ये. रशीद वाट बघंल."

गेलो. चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला. "आण हात." मी दिला. आता बोटं दाबतील, मग दाबतील, म्हणून मी वाट बघत राहिलो. चाचा नुसते हात धरून बैलांकडं बघत बसले.

शेवटी मीच विचारलं, "चाचा, भाव किती?"

"भाव?" चाचा हसले. "तुझ्या बापानं कधी इचारला न्हाई. अरे, दोन म्हातारे चारचौघात हात धरून बसले की लोक हसतात. वर रुमाल टाकला की सौदा वाटतो." मग हात सोडत म्हणाले, "तुझा हात लई मऊ हाय, बाबा. त्यालाच आण."

घरी अण्णा दारातच बसले होते. बाजाराचं काही विचारलं न्हाई. माझा उजवा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत घेतला अन् हळूच म्हणाले, "किती वेळ धरला त्यानं?"